मत निनावी असलं की जास्त खरं असतं का?

नौपाड्याची फिजिओ

गेल्या वर्षी एका डेल्फी अभ्यासात, म्हणजे तज्ज्ञांना निनावीपणे फेऱ्या-फेऱ्यांनी विचारून एकमत काढायच्या पद्धतीत, मी तज्ज्ञ म्हणून होते. विषय होता, लकव्यानंतर घरी व्यायाम घेणाऱ्या पेशंटची सुधारणा मोजताना नेमकं काय काय मोजायचं. पहिल्या फेरीत मोकळी उत्तरं लिहायची. त्यातून आयोजक मुद्द्यांची यादी करतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक मुद्द्याला १ ते ९ गुण द्यायचे. तिसऱ्या फेरीत आपले जुने गुण, बाकीच्यांचे गुण कसे पडले ते आणि निनावी शेरे असं सगळं समोर येतं. ते वाचून मत बदला, नाहीतर ठाम राहा. ७० टक्के लोकांनी ७ ते ९ दिले आणि १ ते ३ देणारे १५ टक्क्यांच्या आत राहिले, तर मुद्दा मान्य.

मी लिहिलं होतं : पेशंट पूल चढून गर्दीची लोकल एकट्याने पकडू शकतो का? दुसऱ्या फेरीत बहुतेकांनी ४-५ गुण दिले, कारण सहा मिनिटं चालण्याची चाचणी यादीत आधीच होती. मग मी शेरा लिहिला. माझा एक पेशंट रबाळ्याला एमआयडीसीत कामाला होता. हॉस्पिटलच्या सपाट कॉरिडॉरमध्ये तो झकास चालायचा. पण ठाणे स्टेशनला पूल ओलांडून नऊ-दहा नंबरला जायचं म्हणजे मागची गर्दी थांबत नाही, आणि कठड्याची बाजू मिळेलच असं नाही. आठ महिने तो घरी बसला, नोकरी गेली. तिसऱ्या फेरीत मुद्दा मान्य झाला.

हेच एका बैठकीत मी तोंडी मांडलं होतं. पहिल्या खुर्चीवरचे सर म्हणाले, "हे आपल्या कक्षेत येत नाही." टेबलाभोवतीच्या सगळ्या माना हलल्या. त्यातल्या दोघांनी नंतर चहाच्या वेळी मला सांगितलं की तुमचं बरोबर होतं. म्हणून मला ही निनावी पद्धत मनापासून पटते. वाक्य कोणाचं आहे हे कळत नसलं की माणसं वाक्य वाचतात.

आकडेमोड, नेरूळ

ताई, अनुभव पटला, निष्कर्ष नाही. ही पद्धत अमेरिकेतल्या रँड संस्थेत १९५०च्या दशकात, लष्करी अंदाजांसाठी जन्मली. डाल्की आणि हेल्मर यांनी १९६३ साली तो प्रयोग छापला. सात तज्ज्ञ, पाच प्रश्नावल्या. प्रश्न असा की अमेरिकेचं शस्त्रउत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला शत्रूला किती अणुबॉम्ब लागतील. सुरुवातीची उत्तरं ५० पासून ५००० पर्यंत होती, शेवटी ती १६७ ते ३६० मध्ये आली. अंदाज जवळ आले हे खरं. ते बरोबर होते का, हे कोणी कधी तपासू शकलं नाही. मतं जुळणं आणि मत खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण अहवालात त्या एकाच वाक्यात येतात.

दुसरं, तिसऱ्या फेरीत "तुमचे गुण ५, बाकीच्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) ८" असं दिसतं तेव्हा पहिल्या खुर्चीवरचे सर गेलेले नसतात. ते आता आकडा होऊन बसलेले असतात. आणि ज्यांना पटत नाही ते पुढची फेरी भरतच नाहीत. मग ७० टक्के म्हणजे कोणाचे ७० टक्के?

नाईट ड्यूटी, ऐरोली

मला त्याआधीचंच विचारायचंय. यादीत नाव कोणाचं घालतात? मी वीस वर्षं परिचारिका आहे. एकदा मलाही असं बोलावणं आलं होतं. पहिल्या प्रश्नापासून सगळं इंग्रजीत, पानंच्या पानं, उत्तर द्यायला दहा दिवस. रात्रपाळी संपवून मी निम्मं भरलं आणि सोडलं. आमच्या वस्तीतली आशाताई घरोघर जाते, कुठला पेशंट गोळ्या खिशात ठेवून देतो हे तिला माहीत असतं. तिला कोणी विचारलंच नाही. निनावीपणाने आतल्यांमधली उतरंड मोडते, दाराबाहेरची तशीच राहते.

कळव्याचा डॉक्टर

मी पूर्ण विरोधात आहे. १९९०च्या दशकात तज्ज्ञांना विचारलं असतं की आजारी नवजात बाळावर खेड्यातली शिकवून तयार केलेली बाई घरी उपचार करू शकेल का, तर माझ्या मते जवळजवळ सगळ्यांनी १ गुण दिला असता. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ते करून दाखवलं. नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ते मतदानातून आलं नाही, गावात राहून मोजण्यातून आलं. शिवाय नाव लपलं की जबाबदारीही लपते. कंपनीचं मानधन घेणारा माणूस निर्धास्त ९ गुण देऊन जातो.

नौपाड्याची फिजिओ

डॉक्टर, मानधनाच्या मुद्द्यावर : नावं पॅनेलच्या लोकांपासून लपलेली असतात, आयोजकांपासून नाही. हितसंबंध आधी लिहून घेता येतात, शेवटी नावांची यादी छापता येते. कोणी काय गुण दिले तेवढं झाकलेलं राहतं. बंगांचं उदाहरण मला मान्य आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. औषध चालतं का, उपचार वाचवतो का, हे डेल्फीला विचारूच नये, तिथे प्रयोग करावा. पण प्रयोग करताना काय मोजायचं हे कोणता प्रयोग सांगणार? कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासाला कोणती व्याख्या लावायची, हे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये याच पद्धतीने ठरवलं, आणि त्यात रुग्णही होते. व्याख्या नसती तर मोजणी सुरूच झाली नसती.

नाईट ड्यूटी ताई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या पॅनेललाही मराठी फॉर्म नव्हता.

कळव्याचा डॉक्टर

कागदावर तुमची सीमा बरोबर आहे. पण पुरावा नसलेल्या जागी तज्ज्ञांचं एकमत तात्पुरतं ठेवतात, आणि पाच वर्षांनी ते नियम म्हणून शिकवलं जातं. मग प्रयोग करायला कोणी पैसे देत नाही, "एकमत झालंय ना" म्हणतात. मी हे वॉर्डात पाहिलंय.

आकडेमोड, नेरूळ

ताई, एकच प्रश्न. ७० टक्क्यांची रेघ तुम्हाला पहिल्या फेरीआधी सांगितली होती का?

नौपाड्याची फिजिओ

नाही. पहिल्या पत्रात नव्हती, शेवटच्या अहवालात वाचली. आयोजकांनी ती आधी ठरवली असेलही, पण आम्हाला दाखवली नाही. हे चुकलं, आणि मी तेव्हा विचारायला हवं होतं. माझा पुलाचा मुद्दा ७४ टक्क्यांवर पास झाला. रेघ ७५ ची असती तर पडला असता.

कोपरीचे काका

मी तज्ज्ञ नाही. माझ्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. हात सुधारला, चालते, तुमच्या चाचण्यांमध्ये बरे गुण मिळवते. पण शब्द अडकतात. पुण्याच्या मुलीचा फोन आला की ती मला देते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. तिला विचारलं तर पूल वगैरे म्हणणार नाही, मुलीशी पाच मिनिटं बोलता यावं म्हणेल. हे तुमच्या यादीत होतं का?

नौपाड्याची फिजिओ

काका, आत्ता यादी काढून पाहिली. "वस्तूंची नावं सांगता येणे" आहे. "सूचना समजणे" आहे. फोनवर बोलणं नाही. आमच्यात पेशंटच्या घरचं कोणीच नव्हतं.