जुनं ते सोनं? वाईन माळ्यावर जपून ठेवणाऱ्यांनी आधी हे वाचा

कोथरूडची

नोव्हेंबर २०१४ मध्ये आम्ही दोघं नाशिकला गेलो होतो. गंगापूर धरणाच्या बाजूची एक वाईनरी पाहिली, टेस्टिंग रूममध्ये पाच घोट चाखले आणि येताना बारा बाटल्या घेतल्या: सहा चेनिन ब्लां (पांढरी), सहा शिराझ (लाल). साडेआठ हजारांच्या आसपास बिल झालं होतं. तेव्हा आमच्यासाठी ती मोठी रक्कम होती. ठरवलं, दोन-दोन आत्ता प्यायच्या आणि बाकीच्या लग्नाच्या पंचविशीला काढायच्या. नऊ वर्षांत त्या मुरतील, लोणचं मुरतं तशा, अशी माझी पक्की समजूत होती. ‘जुनी वाईन’ हे शब्द लहानपणापासून कौतुकानेच ऐकलेले.

बाटल्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर गेल्या. माळ्याखाली गॅसचा ओटा. पुण्याचे नऊ उन्हाळे त्यांनी तिथेच काढले.

२०२३ च्या डिसेंबरात सासू-सासरे, नणंद, जाऊ, सगळे जमलेले असताना पहिली चेनिन उघडली. फिकट पिवळी असायची ती कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. वास सफरचंद कापून दुपारभर उघडं ठेवल्यासारखा, त्यात व्हिनेगरची झाक. शिराझच्या एका बाटलीचं बूच वर सरकलं होतं आणि मानेवर चिकट ओघळ वाळलेला होता. आत फळाची चव उरलीच नव्हती, नुसता उकळलेल्या मनुकांचा गुळमटपणा. सासऱ्यांनी पेला पूर्ण संपवला. एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर वर्षभर मी याबद्दल वाचलं, लोकांना विचारलं. आता माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे हजार रुपयांच्या आतली वाईन साठवायला घेऊच नये. दोन बाटल्या घ्या, महिन्यात संपवा. पांढरी असेल तर लेबलावरचं साल या वर्षीचं किंवा गेल्या वर्षीचं हवं, त्यामागचं असेल तर दुकानातच ठेवा. नाशिकची वाईन टिकत नाही, हे विकणाऱ्यांनीच गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

गोदाकाठ

ताई, तुमच्या पंचविशीचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. वाईन साठवण्यात काहीच चूक नव्हती, चूक माळ्याची होती.

लोणच्याचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते अर्धंच सोडलंत. लोणचं मुरतं म्हणून आपण ते कुठेही, कसंही ठेवतो का? मीठ-तेल मोजून घालतो, बरणी वाळवून घेतो, वर तेलाचा थर आहे ना ते बघतो, ओला चमचा घालू देत नाही. वाईनचं मीठ-तेल म्हणजे तिचा आंबटपणा आणि सालीतून-बियांतून आलेला तुरटपणा. ते भरपूर असेल, वर ओकच्या लाकडी पिंपात वर्षभर राहिली असेल, तर ती मुरते. आणि बरणीची जागा म्हणजे १२ ते १४ अंश, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. गॅसवरच्या माळ्यावर नऊ वर्षं म्हणजे किती वर्षं झाली, तुम्हीच हिशेब करा.

माझ्याकडे बारा बाटल्यांचा छोटा वाईन फ्रिज आहे. त्यात नाशिकचीच, ओकमध्ये राहिलेली २०१६ ची कॅबरने सोविन्यों ही लाल वाईन ठेवली होती. सात वर्षांनी पहिली उघडली. घेतली तेव्हा जिभेला ओढ बसायची, आता ती मऊ झाली आहे. तुमची चेनिन म्हणाल, तर तेच द्राक्ष फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात, वूव्रे गावाच्या परिसरात लावतात आणि तिथल्या चांगल्या बाटल्या कित्येक दशकं टिकतात. तेव्हा द्राक्षाला दोष देऊ नका.

कोथरूडची

वूव्रे थंड आहे, दादा. तिथलं द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा धरून ठेवतं, आणि टिकणाऱ्या बाटल्यांतल्या बऱ्याच गोड असतात. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, वाढत्या उन्हात. दिवसा साखर भराभर चढते. नाशिकची चेनिन मुळात ताजी प्यायलाच बनवतात, आणि ताजी असताना ती मला अतिशय आवडते. दोन्हीकडचं द्राक्ष एक म्हणून दोन्हीकडची वाईन सारखीच टिकेल, हे मला पटत नाही.

फ्रिजबद्दल एवढंच म्हणेन: साडेआठ हजारांची वाईन वाचवायला दुप्पट पैशांचं यंत्र घ्यायचं आणि वर्षभर वीज जाळायची? ज्याला छंद आहे त्याने जरूर करावं. मी लिहितेय ते सहलीला जाऊन बाटल्या घेणाऱ्या माझ्यासारख्या घरांसाठी. त्यांच्याकडे भाजीचा फ्रिज आणि एक माळा असतो. भाजीच्या फ्रिजमध्ये काही आठवडे ठीक. दारात नको, सारखी हालते.

निफाडचा बागाईतदार

मी वाईनची द्राक्षं लावतो. या चर्चेतलं बाकी सगळं पटलं, पण “नाशिकची वाईन टिकत नाही” या वाक्याला माझी हरकत आहे. माळा पुण्याचा आणि नाव नाशिकचं खराब, हे बरोबर नाही.

तुम्ही खाता ती थॉमसन वेगळी. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात कोणी घेत नाही, त्यामुळे वाईनरीने उचल केली नाही तर माल बागेतच जातो. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी. अवकाळी आला, गारा पडल्या की हातचं गेलं. २००१ मध्ये राज्याचं वाईन धोरण आलं तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांनी कष्टाने या बागा उभ्या केल्या. एवढं करून बाटली तयार होते आणि मग ती रस्त्याच्या कडेच्या दुकानात, पश्चिमेच्या काचेमागे, ट्यूबलाइटखाली वर्षभर उभी राहते.

खरी फसगत तिथे आहे, त्याबद्दल लिहा. आपल्याकडे ‘वाईन शॉप’ अशी पाटी असते आणि आत नव्वद टक्के रम, व्हिस्की, बिअर. वाईनला वरचा एखादा फळा, जिथे सगळ्यात जास्त गरम होतं. बिअर फ्रिजमध्ये, वाईन बाहेर. मग दोनावर एक फुकट अशी चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी दिसली की आधी बाटलीचं साल वाचायचं. पांढरी चार वर्षं जुनी निघाली, तर ती फुकटसुद्धा महागच पडते. मी स्वतः भावाच्या साखरपुड्याला अशा सहा घेतल्या होत्या. माझ्याच भागातली वाईन, आणि मला पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागली.

मेलबर्नहून

मी कोथरूडच्या ताईंच्या बाजूने. ऑस्ट्रेलियात येऊन अकरा वर्षं झाली. लोक इथेही शनिवारी बाटली आणतात आणि शनिवारीच उघडतात. तळघरात दहा वर्षं ठेवणारे आहेत, पण थोडे. बहुतेक बाटल्यांना बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं, आणि त्याला कोणी हलकं समजत नाही. उलट त्यामुळे बुचाचा तो ओल्या पुठ्ठ्यासारखा वास वाईनला लागत नाही. आपल्याकडे अजूनही बूच म्हणजे भारी आणि झाकण म्हणजे स्वस्त असं समजतात. मीही समजायचो.

माझी चूक वेगळी होती. २०१८ मध्ये सांगलीला बाबांसाठी बरोसा या इथल्या वाईनच्या भागातल्या शिराझच्या तीन बाटल्या घेऊन निघालो. भारतात येताना माणशी दोन लिटर चालतं. साडेसातशे मिलीच्या तीन म्हणजे सव्वादोन लिटर. एवढासा हिशेब मी केला नव्हता. तिसऱ्या बाटलीवर इतकं शुल्क भरलं की तेवढ्यात तसलीच आणखी एक आली असती. बाबांनी तिन्ही हॉलमधल्या शोकेसमध्ये मांडल्या, वर छोटा दिवा. “तू आलास की उघडू.” मग कोविड आला, मी थेट २०२२ मध्ये आलो. तोवर तिन्ही संपल्या होत्या, म्हणजे बंद बाटलीतच संपल्या होत्या.

दिव्याखाली मांडण्याची चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. १९८५ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावात फोर्ब्झ घराण्याने १७८७ ची म्हणून लाफीत या नामांकित फ्रेंच वाईनची एक बाटली १,०५,००० पौंडांना घेतली. काचेवर ‘टीएच. जे.’ अशी अक्षरं कोरलेली, म्हणजे ती अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची, असं सांगितलं गेलं. न्यूयॉर्कला प्रदर्शनात दिव्याच्या झोतात ठेवली. उष्णतेने बूच वाळलं, आक्रसलं आणि आत पडलं. पुढे ती बाटली लिलावात आणणाऱ्या विक्रेत्याकडूनच आलेल्या दुसऱ्या बाटल्यांच्या खरेपणावरच खटले झाले.

जळगावकर

मी पीत नाही, म्हणून माझं मत कडू लागेल. पण चर्चा आहे म्हणून लिहितो. सगळे जण बाटली कशी जपायची ते सांगताय. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलंय की मद्याचं कोणतंच प्रमाण सुरक्षित नाही. वाईन म्हणजे फळांचा रस, हृदयाला चांगली, हे ऐकून माझ्या मावसभावाने सुरुवात केली होती. आज त्याचं काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. २७ जानेवारी २०२२ ला सुपरमार्केटात वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा आम्ही विरोध केला तो याचसाठी. खरेदीचा पश्चात्ताप म्हणाल, तर पहिल्या बाटलीचाच व्हायला हवा.

कोथरूडची

तुमच्या भावाबद्दल ऐकून वाईट वाटलं. वाईन औषध आहे असं मी म्हणणार नाही, आणि तसं सांगून कोणी विकत असेल तर तो खोटं बोलतो. आमच्या घरी वर्षाला दहा-बारा बाटल्या येतात, त्याही चार जणांत. ती आमची निवड. त्या निर्णयाच्या वेळी मीही सुपरमार्केटच्या विरोधातच होते, कारण मुलं घेऊन किराणा आणायला जातो तिथे ती नको. तरी निफाडच्या दादांचं वाचल्यावर वाटतं, गार जागेत नीट ठेवणारं दुकान शहरात कुठेतरी हवं.

नारायणगाव सोडलेला

मला तुम्हा सगळ्यांशीच भांडायचंय. उघडून चांगली लागली नाही म्हणजे पैसे वाया गेले, हा हिशेबच मला मान्य नाही.

नाशिक-पुणे रस्त्यावरच्या आमच्या नारायणगावात ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी शातो इंदाज उभी केली. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या तंत्रज्ञांची मदत घेऊन तिथे फसफसणारी वाईन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात पाठवली. नाशिकला कोणी वाईनसाठी जात नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. माझ्या वडिलांनी त्यातली एक बाटली विकत घेतली. ते स्वतः पीत नव्हते. आपल्या गावचं नाव फ्रान्सच्या जोडीला घेतलं जातंय, एवढ्यासाठी घेतली. ती कपाटात त्यांच्या कागदपत्रांशेजारी राहिली.

वडील २०१९ मध्ये गेले. वर्षश्राद्धानंतर भावाने आणि मी ती उघडली. आवाज झाला नाही, बुडबुडा एक नाही, रंग तांबूस. एकेक घोट घेतला, अगदी बेचव. तरी ती खरेदी चुकली असं मला कोणी म्हणू नये. बाटली अजून त्याच कपाटात आहे, रिकामी.

गोदाकाठ

यावर मी वाद घालणार नाही.

पण ताईंशी माझा मुद्दा अजून शिल्लक आहे. बारांतल्या चार तेव्हाच प्यायलात, उरल्या आठ. त्या दिवशी सगळ्या उघडल्या का?

कोथरूडची

नाही. शिराझच्या दोन तशाच आहेत. बुचं जागेवर आहेत, ओघळ नाही. माळ्यावरून काढून पलंगाखाली ठेवल्या. टाकवत नाहीत. निफाडच्या दादांनी लिहिलेलं वाचल्यावर तर अजिबात नाही.

निफाडचा बागाईतदार

टाकू नका ताई. चाखून बघा. आंबली असेल तर मटणाच्या रश्श्यातसुद्धा घालू नका, रस्सा बिघडेल. नुसती म्हातारी झाली असेल तर पिऊन टाका. आणि येत्या फेब्रुवारीत तोडणीला या. मणी तोंडात टाकून बघा, साल चावून बघा. बाटलीत काय जातं ते कळेल.

गोदाकाठ

त्या दोनांतली एक घेऊन या. मी माझी २०१६ ची काढतो. दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळू, कुठली कुठली ते कोणालाच सांगायचं नाही. माळ्यावरची ओळखता आली नाही तर मी फ्रिजचा मुद्दा सोडतो.

कोथरूडची

येते. पण शिराझ आणि कॅबरनेची तुलना कशी करणार? तुमच्याकडची एखादी शिराझ काढा, तेवढीच जुनी. आणि सासऱ्यांना बरोबर आणते, त्यांना चांगला पेला द्यायचा राहिलाय.