अडतिशीत मार्शल आर्ट सुरू करायचंय, कुठला प्रकार घेऊ?

सायंतारा

नमस्कार. वय ३८, कोथरूडला राहते, आयटीत आहे म्हणजे दिवसभर खुर्चीत. मुलाला कराटेला सोडायला जाते आणि बाकावर बसून बघताना दर वेळी वाटतं की आपण आत का नाही. जिम करून झाली, झुंबा करून झाला, दोन्हीत मन रमलं नाही कारण तिथे घाम येतो पण शिकायला नवीन काही मिळत नाही, आणि मला असं काहीतरी हवंय जे पाच वर्षांनीही शिकून संपलेलं नसेल.

स्वसंरक्षण हा हेतू आहेच, पण तेवढाच नाही. कुणी अंगावर ओरडत आलं की मी जागच्या जागी थिजते, आवाजच फुटत नाही. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, एकदा तर ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा. हे अशा शिकण्याने बदलतं का?

जवळ काय आहे ते सांगते. शोतोकान कराटेचा क्लास चालत जाण्याइतका जवळ, पण बहुतेक मुलंच. सात-आठ किमीवर ज्युदो, तिथे मोठी माणसंही येतात म्हणे. आणि बाणेरला एक मोठी जिम, ब्राझिलियन जिजुत्सू (जमिनीवरची झटापट) आणि मुय थाय (थायलंडचं लाथा-ठोशांचं बॉक्सिंग) दोन्ही, फी भरपूर. डावा गुडघा अधूनमधून कुरकुर करतो, डॉक्टरांनी व्यायाम करा म्हटलंय, उड्या जपून. तुम्ही लोकांनी का सुरू केलं आणि तुमचा प्रकार कसा सापडला ते वाचायला आवडेल.

गोदाकाठ

ताई, मी ज्युदोवाला आहे म्हणजे माझं मत एकीकडे झुकलेलं असणार हे धरून वाचा. मी शाळेत असताना सुरू केलं ते केवळ मित्र जात होता म्हणून, आणि टिकलो ते रांदोरीमुळे. रांदोरी म्हणजे समोरचा खराखुरा विरोध करतोय, तुम्ही त्याला पाडायचा प्रयत्न करताय आणि तोही तुम्हाला, काहीच ठरवलेलं नाही. माझ्या मते कुठलाही प्रकार निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की या क्लासमध्ये समोरचा माणूस विरोध करतो का. जिथे जोडीदार हात पुढे करून उभा राहतो आणि तुम्ही तो मुरगाळला की आपणहून खाली बसतो, तिथे वर्षानुवर्षं शिकून फक्त आपल्याला येतं असं वाटत राहतं.

ज्युदोची सगळी कल्पनाच यावर उभी आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू अशा दोन जुन्या जपानी जुजुत्सू परंपरा शिकलेले, त्यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एईशोजी देवळात बारा ताताम्यांच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. ठोसे, लाथा, बोटं मोडण्यासारखे जीवघेणे प्रकार त्यांनी काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या, सरावापुरते ठेवले आणि उरलेलं असं बसवलं की रोज, पूर्ण ताकदीने, खऱ्या विरोधाविरुद्ध करता येईल आणि दुसऱ्या दिवशी दोघंही परत येतील. कमी धोकादायक डाव पण रोज पूर्ण जोराने केलेला, तो जास्त धोकादायक पण कधीच न वापरलेल्या डावापेक्षा कामाचा, हे त्या माणसाने इतक्या आधी ओळखलं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आणि उकेमी, म्हणजे पडणं. सुरुवातीचे आठवडे फक्त पडायचं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, अख्खा हात कोपरासकट मॅटवर आपटायचा, म्हणजे डोकं आणि मनगट दोन्ही वाचतात. आपल्याला रस्त्यात मारामारी होण्याची शक्यता किती, आणि ओल्या फरशीवरून, पावसात स्कूटीवरून पडण्याची किती? चाळिशीनंतर शरीराला पडता येणं हेच मी सगळ्यात मोठं स्वसंरक्षण मानतो.

गुडघ्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, ज्युदोत गुडघ्याला धोका आहे, विशेषतः जोडीदार अर्धवट पडताना तुमच्या पायावर कोसळतो तेव्हा. सुरुवातीला ने-वाझा म्हणजे जमिनीवरचं काम जास्त घ्या आणि उभ्याने रांदोरी फक्त अनुभवी माणसाबरोबर करा. नवखा आणि जिंकायची घाई झालेला तरुण हा सगळ्यात वाईट जोडीदार, त्याला सरळ नाही म्हणा.

तांबडी_माती

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे कुणी मार्शल आर्ट शिकायला जातो असं म्हणत नाही, तालमीत जातो म्हणतात. घरात वडील-चुलते पैलवान म्हणून पोरगं जातं, इतकं साधं कारण. माती म्हणजे नुसती माती नसते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती तयार करतात, रोज उकरतात, आणि जोर-बैठका मारून अंग तापल्याशिवाय वस्ताद कुणाला हात धरू देत नाहीत.

कुस्ती ३८ व्या वर्षी मातीत सुरू करा असं मी म्हणणार नाही, मान आणि गुडघे दोन्हीवर फार भार येतो. पण एक गोष्ट कुस्तीवरून सांगतो जी निवडताना कामाला येईल. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, मातीत तयार झालेले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट आणि तिथले गुणांचे नियम सगळं नवखं, तरी सहावे आले. मग चार वर्षं त्या नियमांप्रमाणे तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ताकद तीच, डाव बरेचसे तेच, पण मातीत चितपट हेच खरं आणि मॅटवर एकेका गुणाचा हिशोब. म्हणजे कुठल्या नियमाखाली सराव करता त्यावर तुमचं शरीर काय शिकतं ते ठरतं.

ताई, तुमच्या यादीत नाही पण मर्दानी खेळ बघा. लाठी, फरीगदगा (ढाल आणि काठी), पुढे दांडपट्टा. लाठीत उड्या सुरुवातीला लागत नाहीत, पवित्रा आणि मनगट-खांद्याचं काम जास्त, बसून काम करणाऱ्याच्या आखडलेल्या खांद्यांना तर फारच चांगलं. बायका-मुली भरपूर शिकतात आता. २०२४ मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्या आखाड्यातल्या म्हाताऱ्या वस्तादांच्या डोळ्यात पाणी होतं. पुण्यातही शिकवणारे आहेत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत जी पथकं खेळतात त्यांनाच विचारा सराव कुठे चालतो.

कियाई

गोदाकाठ, तुमचा विरोधाचा मुद्दा मान्य, पण रोख कराटेच्या काताकडे दिसतोय म्हणून लिहितो.

काता म्हणजे हवेत हातवारे असं ज्यांना वाटतं त्यांना बहुतेक वेळा बुन्काई कुणी शिकवलेलंच नसतं. बुन्काई म्हणजे त्याच हालचाली जोडीदारावर लावून बघणं, आणि चांगला शिक्षक ते हळूहळू विरोध वाढवत घेतो. एकटं, जोडीदाराशिवाय, घराच्या गच्चीवर रात्री दहा वाजता करता येईल असं काताइतकं दुसरं काही नाही, आणि नोकरी-संसार असलेल्या माणसाला हे किती मोलाचं आहे ते करूनच कळतं. मी नोकरीत बदली होत होत चार गावं फिरलो, दोन गावांत क्लासच नव्हता, काता होता म्हणून कराटे टिकलं.

सायंतारा, शोतोकान आणि गुडघा याबद्दल. फुनाकोशी सेन्सेई ओकिनावाहून १९२२ मध्ये तोक्योला आले आणि पुढे जे शोतोकान घडलं त्यात उभं राहणं लांब आणि खोल होत गेलं, झेन्कुत्सुदाची हा पवित्रा बघा, पुढचा गुडघा बराच वाकलेला. खोल उभं राहणं हेच वाईट असं नाही, गुडघा दुखतो तो पाऊल जागेवर चिकटलेलं असताना वरून शरीर वळवलं की. वळताना पाऊलही वळलं पाहिजे आणि गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहिला पाहिजे. शिक्षकांना विचारा की मी थोडी उंच उभी राहिले तर चालेल का. चालेल म्हणाले तर शिक्षक चांगले. सगळ्यांनी सारखंच खोल बसा म्हणाले तर दुसरीकडे बघा. गोजू-र्यू किंवा वादो-र्यू या कराटेच्याच दुसऱ्या शैली जवळ असतील तर त्यांची उभं राहायची पद्धत आखूड, तुमच्या गुडघ्याला सोपी जाईल.

एक व्यवहाराचं, बेल्टच्या परीक्षेची फी किती आणि दर किती महिन्यांनी, हे नाव घालायच्या आधी विचारा. काही ठिकाणी महिन्याची फी कमी आणि परीक्षांमध्येच सगळं वसूल असा प्रकार असतो.

गोदाकाठ

कियाई, गच्चीचा मुद्दा पटला. ज्युदो एकट्याने होत नाही, लॉकडाऊनमध्ये आमचं सगळंच ठप्प होतं आणि मी दाराच्या कडीला जुना पट्टा बांधून उचिकोमी, म्हणजे डावात शिरायची तीच तीच हालचाल, करत बसायचो. बुन्काई असं शिकवणारे कमी आहेत एवढंच माझं म्हणणं.

खाडीपलीकडे

मी ठाण्याची, आधी बॉक्सिंग, आता जिजुत्सू. सायंतारा, तुझ्या थिजण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून त्यावरच लिहिते, कारण मी त्याचसाठी गेले होते.

बदलतं. पण तंत्र शिकून नाही बदलत, सवयीने बदलतं. आपल्यातल्या बहुतेक बायकांनी शाळा सुटल्यानंतर कधी कुणाशी झटापट केलेली नसते, कुणी मनगट घट्ट धरलं, अंगावर वजन टाकलं की आधी धक्काच इतका बसतो की पुढचं सुचत नाही. मॅटवर आठवड्यातून दोनदा कुणीतरी तुझ्या छातीवर बसलेलं असतं, तुला श्वास घेता येत नाहीये असं वाटतं, आणि हळूहळू कळतं की येतोय श्वास, हात इथे घालायचा, कंबर उचलायची, निघायचं. नको झालं की दोनदा थोपटायचं, समोरचा त्या क्षणी सोडतो. हे थोपटणं मला फार महत्त्वाचं वाटतं, माझ्या नाही म्हणण्याला समोरच्या माणसाने लगेच मान देणं ही गोष्ट अंगात मुरते, आणि मग बाहेर कुणी तो मान दिला नाही की ते चटकन खटकतं आणि आवाज निघतो. मीटिंगमध्ये सुद्धा निघतो. माझा निघायला लागला.

ऑफिसात महिला दिनाला दोन तासांची स्वसंरक्षणाची कार्यशाळा असते तिचा उपयोग मला कधी दिसला नाही. त्यात सगळं अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाबद्दल असतं. एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीतला असतो. ओळखीतल्या माणसाला आधी मोठ्या आवाजात नाही म्हणता येणं लागतं, डोळ्यात बोटं घालणं त्याच्या खूप नंतर येतं. ज्या क्लासमध्ये आवाजावर, अंतर राखण्यावर, तिथून निघून जाण्यावर काम करतात तो मला खरा वाटतो.

ट्रायल क्लासला गेलीस की हे बघ. मोठ्या वयाच्या बायका आहेत का आणि त्या किती वर्षांपासून आहेत. नवीन आहेत आणि जुनी एकही नाही, याचा अर्थ तिथे काहीतरी त्यांना टिकू देत नाही. शिक्षक हात लावून दुरुस्त करताना आधी विचारतो का. कुणाला लागलं तर बाकीचे हसतात का थांबतात. कपडे बदलायला धड जागा आहे का. मी एक चांगली नावाजलेली जागा सोडली ती या कारणांनी, तिथली शैली उत्तम होती.

ऱ्हाइनकाठचा

जर्मनीत राहतो. इथे मी एकेचाळिसाव्या वर्षी ज्युदो सुरू केलं, गावच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबमध्ये, जिथे फी अगदी माफक असते आणि साठीचे आजोबा पांढऱ्या पट्ट्यावाल्याला हाताला धरून शिकवतात.

वर तांबडी_माती यांनी नियमांचं म्हटलंय ते मला फार पटलं, थोडं पुढे नेतो. कुठल्याही प्रकाराचे स्पर्धेचे नियम बघितले की तिथे काय चांगलं शिकायला मिळेल आणि काय राहून जाईल ते लगेच दिसतं. तायक्वांदोत डोक्यावर लाथ चालते पण चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, म्हणून तिथले पाय अफाट आणि हात खाली. क्योकुशिन कराटेत पूर्ण ताकदीने मारतात, पण डोक्यावर हाताने ठोसा नाही. ज्युदोत पाय धरून पाडणं बंद झालंय. ब्राझिलियन जिजुत्सू हे ज्युदोतूनच निघालेलं, कानोंच्या कोदोकानचे माएदा ब्राझीलला गेले आणि तिथून ग्रेसी कुटुंबात ते वाढलं, पण त्यांनी भर जमिनीवर दिला, म्हणून उभ्याने पाडणं बऱ्याच ठिकाणी कच्चं राहतं. बॉक्सिंगमध्ये लाथा नाहीतच, पण अंतर आणि डोकं हलवणं यात त्याला तोड नाही. कुठलाच पूर्ण नाही. तुम्हाला यातलं काय राहून गेलेलं चालेल ते बघा.

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार, खाडीपलीकडे ताई तुझं दोनदा वाचलं. मला अंगाशी भिडणारंच हवंय हे आता कळतंय, लांबून लाथा-ठोसे नकोत. बाणेर रोजच्या ट्रॅफिकमध्ये जमणार नाही, म्हणून आधी ज्युदोला ट्रायल घेते, शनिवारी बोलावलंय. फोनवरच गुडघ्याचं सांगितलं तर सरांनी विचारलं की जिना उतरताना दुखतं की चढताना, ते ऐकून बरं वाटलं. मर्दानी खेळांचीही चौकशी करणार आहे, मुलगा ते वाचून उड्या मारतोय. पहिल्या दिवशी काय घालून जाऊ? ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, लगेच घ्यावी लागते का?

गोदाकाठ

जिना विचारणारे सर म्हणजे सुरुवात चांगली आहे. गी लगेच घेऊ नका, बहुतेक ठिकाणी एखादं जुनं जॅकेट घालायला देतात. चेन किंवा खिशाला बटण नसलेली ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा जाडसर टीशर्ट. हातापायाची नखं आदल्या रात्री अगदी बारीक कापा, दुसऱ्याला लागतात. अंगठी, कानातलं, मंगळसूत्र, बांगड्या सगळं घरीच ठेवा, केसांना साधं रबर, धातूची पिन नको. मॅटपर्यंत चपला घालून जा आणि मॅटच्या कडेला काढा, अनवाणी बाथरूमला जाऊन परत मॅटवर येऊ नका. दोन तास आधी जेवण नको. गुडघ्याचं तिथे वॉर्मअपच्या आधी परत एकदा सांगा, कारण बेडूकउड्या बऱ्याचदा वॉर्मअपमध्येच असतात.