स्कोअरिंग गार्ड ड्राफ्टला येतोय, तर नुसते पॉइंट बघून घ्यायचा का?

घामट_जर्सी:
मंडळी एक शंका आहे. आमच्या ग्रुपचा दरवर्षी एनबीएचा (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) मॉक ड्राफ्ट असतो, म्हणजे टीम नवीन पोरं एकेक नंबरने निवडतात त्या ड्राफ्टची आमच्यापुरती नक्कल, पैसे वगैरे काही नाही, हरेल त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. २०२५ ला मी ट्रे जॉन्सन या गार्डला (बास्केटपासून लांब, बॉल घेऊन खेळणारा) थेट तिसऱ्या नंबरवर उचलला, कारण टेक्सास कॉलेजकडून फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) असताना मॅचला १९.९ पॉइंटची सरासरी, त्यात आर्कान्सॉविरुद्ध एका मॅचला ३९, म्हणजे टेक्सासच्या फ्रेशमन पोरांमधला केव्हिन ड्युरंटचा रेकॉर्ड मोडला पठ्ठ्याने. खऱ्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टन विझर्ड्सनी त्याला सहावा घेतला. आता ग्रुपमधला एक जण सारखा ऐकवतो की कॉलेजचे पॉइंट बघून गार्ड घेणारा गंडणारच, कॅम थॉमस बघ म्हणे. अरे पण कॅम थॉमसने तर एनबीएतही धो धो स्कोअर केला ना? मग गंडलं कुठे? हायलाइट्स सगळ्यांच्याच भारी असतात, या पोरांमध्ये नक्की बघायचं काय?

फ्रीथ्रो_काका:
तुझ्या मित्राचं अर्धंच बरोबर आहे. कॅम थॉमसने २०२०-२१ ला एलएसयू कॉलेजकडून २३ ची सरासरी ठेवली, देशभरातल्या फ्रेशमन पोरांमध्ये सगळ्यात जास्त, तरी ड्राफ्टमध्ये नेट्सकडे गेला तो २७ व्या नंबरला. का, तर पॉइंटच्या शेजारचे आकडे वाच. फील्ड गोल (चालू खेळातले शॉट) ४०.६ टक्के, थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) ३२.५ टक्के आणि असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने बास्केट केली असे पास) मॅचला १.४. अरे बॉल सतत याच्याच हातात आणि असिस्ट धड दीडसुद्धा नाही!

आता त्याच्या आदल्या वर्षीचा टायरीस मॅक्सी घे. केंटकीत सरासरी फक्त १४, थ्री २९.२ टक्के म्हणजे अगदीच सुमार, घसरत घसरत २१ व्या नंबरला सिक्सर्सकडे. पण फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) ८३.३ टक्के होता. मी तरी आधी तोच आकडा बघतो, कारण कॉलेजच्या एका सीझनमध्ये पोरगा थ्री मारणार किती, शंभर-दोनशे, त्यातले दहा इकडचे तिकडे झाले की सगळा टक्काच फिरतो, फ्री थ्रोला मात्र समोर कोणी नसतं, अंतर तेच, तिथे हात कसा आहे ते कळतं. एनबीएत दुसऱ्याच सीझनला मॅक्सी थ्री ४२.७ टक्क्यांनी मारत होता.

आणि हो, थॉमसचा फ्री थ्रो ८८ टक्के होता, म्हणजे हा वर जाऊन स्कोअर करणार हे दिसतच होतं. फेब्रुवारी २०२३ ला टीममधल्या स्टार कायरी अर्विंगने ट्रेड मागितल्यावर लागोपाठ ४४, ४७, ४३ मारले तेव्हा २१ वर्षांचा होता, सलग तीन मॅच चाळिशी पार करणारा लीगच्या इतिहासातला सगळ्यात लहान खेळाडू.

पहाटे_पाचचा_अलार्म:
काका सगळं मान्य, पण मूळ प्रश्न राहिलाच की. २४ ची सरासरी असलेला माणूस गंडला असं म्हणायचं तरी कसं?

तर ते पैशात दिसतं. २०२४-२५ ला थॉमस हॅमस्ट्रिंगमुळे २५ च मॅच खेळला पण सरासरी २४ होती, आणि तरी २०२५ च्या उन्हाळ्यात शेवटी सही केली ती एका वर्षाच्या क्वालिफाइंग ऑफरवर (मोठा करार जमला नाही की उरतो तो छोटा करार), साधारण ६० लाख डॉलर. मॅक्सीला २०२४ मध्ये पाच वर्षांचे २० कोटी डॉलरच्या वर मिळाले. दोघंही स्कोअरिंग गार्ड, दोघंही वीस वर्षांच्या आसपास असताना ड्राफ्ट झालेले. फरक काय, तर मॅक्सी टीमचा स्टार जोएल एम्बीडच्या बाजूला उभा राहूनही कामाचा आहे, बॉल आला की लगेच शॉट नाहीतर लगेच ड्राइव्ह, बॉल धरून बसत नाही. थॉमसला रंगात यायला बॉल लागतो, आणि चांगल्या टीममध्ये बॉल आधीच दुसऱ्या कोणाकडे असतो. टीमला पॉइंट नकोत असं नाहीये, ते पॉइंट कोणाच्या वाट्याचे शॉट घेऊन आले ते त्यांना बघायचं असतं.

हाफकोर्ट_नागपूर:
आकडे बघाच पण एक तरी आख्खी मॅच बघत जा रे, क्लिपा नको. मी पोरांना शिकवतो म्हणून ही सवय लागलीय. पहिला क्वार्टर फक्त बॉल नसताना काय करतो ते बघायचं, कोपऱ्यात गुडघ्यावर हात ठेवून उभा असेल तर समजून जा. मग पिक अँड रोल (साथीदार डिफेंडरला आडवा उभा राहतो आणि मग बास्केटकडे वळतो). समोरचा बिग (उंच डिफेंडर) मागे थांबला की पुल-अप (ड्रिबल थांबवून तिथूनच शॉट) मारणं सगळ्यांना जमतं, सगळे व्हिडिओ त्याचेच असतात. पण तोच बिग वर धावून आला, दोघांनी मिळून घेरलं, मग? दुसरा डिफेंडर पोचायच्या आधी पास सुटतो, की पोरगा ड्रिबल करत मागे मागे जात हाफकोर्टच्या रेषेला टेकतो? तिथेच निम्मा रिपोर्ट लिहून होतो.

ट्रे जॉन्सनचं म्हणशील तर अनवाणी उंची जवळजवळ सहा पाच, विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची लांबी) सहा दहा, स्क्रीनवरून (साथीदाराच्या आडोशाने) पळत येऊन शॉट घेता येतो, थ्री ३९.७ टक्के. म्हणजे बॉल नसतानाही उपयोगी, हा थॉमस नाही. दुखणं वेगळं आहे, रिमपर्यंत (बास्केटच्या कड्यापर्यंत) कमी जातो, मधल्या अंतराच्या अवघड (मिड-रेंज) शॉटवर जास्त भिस्त. डिफेन्समध्येही अजून अंगात ताकद यायला हवी, नाहीतर प्लेऑफमध्ये समोरची टीम बॉल मिळाला की दरवेळी डिफेंडरांची अदलाबदल (स्विच) करायला लावून त्यालाच शोधत येते.

व्हिलानोव्हा_फॅन_ठाणे:
या सगळ्या चाळणीतून जेलन ब्रन्सन हा गार्ड गळून पडला होता हे पण लिहा की! व्हिलानोव्हा कॉलेजची तीन वर्षं, २०१६ आणि २०१८ दोन्ही वर्षी कॉलेजचं टायटल, २०१८ ला देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि ड्राफ्टमध्ये ३३ वा. कारण काय तर उंची सहा दोन, वय जास्त, उडी नाही. आज बघा तो पेंटमध्ये (बास्केटजवळच्या भागात) जातो, थांबतो, पिव्हट करतो (एक पाय रोवून वळतो), पाठीने डिफेंडर ढकलतो, परत पिव्हट, आणि समोरचा उडून गेला की निवांत शॉट. हे सगळं व्हिलानोव्हात पण दिसत होतं हो, पण कंबाइनला (ड्राफ्टआधीची मोजमाप-चाचणी) पायांची अक्कल मोजायची टेप नसते.

घामट_जर्सी:
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे ट्रे तिसरा घेणं जास्तच झालं पण अगदी वेडेपणा नव्हता असं धरतो. मग जेरेमाया फिअर्सचं काय? तो त्याच्यामागेच सातवा गेला, पेलिकन्सकडे.

फ्रीथ्रो_काका:
ओक्लाहोमाला १७.१ ची सरासरी, असिस्ट ४.१, थ्री २८.४ टक्के, फ्री थ्रो ८५.१ टक्के. हिशोब तूच कर. ड्राफ्टच्या वेळी अजून १८ च वर्षांचा होता हे पण त्यात धर. रिमवर स्वतःहून जातो, फाउल काढतो, जे ट्रे करत नाही. फक्त टर्नओव्हर (बॉल गमावणं) भरपूर आहेत, आणि ते गर्दीत घुसून पास द्यायच्या नादात होतात की ड्रिबल सैल आहे म्हणून, ते आकड्यावरून नाही कळत, त्याला नागपूरकर म्हणतात तशी आख्खी मॅच बघ. पहिलं कारण असेल तर वयाबरोबर सुधारतं, दुसरं असेल तर मी तरी त्याला ट्रेच्या वर घेणार नाही.