पोरगा कच्चा की कोच कच्चा? तरुण क्वार्टरबॅक, आत्मविश्वास आणि डार्नॉल्ड

चौथा_डाऊन (धागाकर्ता)

मार्च २०२५मध्ये सिएटलच्या संघाने क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन पास टाकणारा मुख्य खेळाडू) सॅम डार्नॉल्डशी तीन वर्षांचा करार केला, १० कोटी ५ लाख डॉलरचा. बातमी आल्यापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत: आधी फसला तो पोरगा कच्चा म्हणून, की कोच कच्चे म्हणून? तिथे कुणीच कुणाचं पूर्ण वाचत नाही, म्हणून इथे धागा.

जे अमेरिकन फुटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी मागची कथा. डार्नॉल्ड २०१८च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. जेमतेम विशीतला पोरगा, आणि पहिल्याच मॅचपासून क्वार्टरबॅक. वर्षभरात कोच टॉड बोल्स यांना नारळ मिळाला, अ‍ॅडम गेस आले, सगळी सिस्टिम बदलली. २१ ऑक्टोबर २०१९ला न्यू इंग्लंडने जेट्सला ३३-० असं धुतलं. डार्नॉल्डचे ३२ पैकी ११ पास लागले, यार्ड फक्त ८६, इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेले पास) ४. त्या रात्री त्याच्या अंगावर टीव्हीवाल्यांचा माइक होता. बाकावर बसून तो बोलून गेला की मला भुतं दिसतायत, आणि ते देशभर प्रसारित झालं. समोरून कुणी येत नसतानाही येतंय असं वाटायला लागणं, ही क्वार्टरबॅकची सर्वात वाईट अवस्था.

गेस यांच्या दोन वर्षांत जेट्सने ३२ पैकी ९ मॅच जिंकल्या. पुढे डार्नॉल्ड कॅरोलायनात गेला, तिथेही धड काही नाही. २०२३ला सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॉक पर्डीच्या मागे राखीव. आणि २०२४ला मिनेसोटात १४ विजय, ३ पराभव, ४,३१९ यार्ड, ३५ टचडाऊन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण)!

तिथले मुख्य कोच केव्हिन ओकॉनेल स्वतः क्वार्टरबॅक होते, मोठं करिअर झालं नाही. क्वार्टरबॅक कोच जोश मॅकाउन म्हणजे २०१८ला जेट्समध्ये डार्नॉल्डचा सीनियर सहकारी. ओकॉनेल यांनी २०२४च्या सीझनमध्ये जे म्हटलं त्याचा आशय असा: तरुण क्वार्टरबॅक संघाला तोंडघशी पाडतो त्याच्या आधी संघानेच त्याला तोंडघशी पाडलेलं असतं.

मला हे शंभर टक्के पटतं. जॅरेड गॉफचंच बघा. २०१६ला रॅम्स संघात सात मॅच (पहिल्या चार कोच जेफ फिशर यांच्या हाताखाली, मग त्यांनाही नारळ), सातही हरला, लोकांनी 'बस्ट' म्हणून मोडीत काढला. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे आले आणि त्याच गॉफचे २८ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन. उजवा हात काही बदलून आणला नव्हता. तुमचं काय मत?

खडूस_काका

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण खेळाडूसाठी असते. इथे चाहतेच ती खेळाडूच्या वतीने म्हणतायत.

२०१७ला गॉफला एकटे मॅकव्हे मिळाले का? लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीत, डाव्या टॅकलला अँड्रू व्हिटवर्थ आला. रॉबर्ट वुड्स आला, कूपर कप आला, दोघेही रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे. डार्नॉल्डला मिनेसोटात जस्टिन जेफरसन मिळाला, म्हणजे पास दोन हात लांब पडला तरी पकडणारा. जेट्समध्ये असलं कोण होतं? प्रत्येक 'कोचने घडवलं' कथेत एक महागडा रिसीव्हर लपलेला असतो, आणि धागा काढणाऱ्याला तो दिसत नाही.

आणि शेवटच्या दोन मॅच सोयीस्करपणे गाळल्यात. डेट्रॉइटविरुद्ध ३१-९ हार. मग प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्सविरुद्ध २७-९, त्यात ९ वेळा सॅक, म्हणजे पास टाकायच्या आधीच आडवा. तेव्हाही कोच ओकॉनेलच होते ना? कुठे गेला होता आत्मविश्वास?

चौथा_डाऊन

काका, ९ सॅकमध्ये टॉम ब्रॅडीचाही आत्मविश्वास गेला असता. पण मग ट्रेव्हर लॉरेन्सचं काय? जॅक्सनव्हिलमध्ये २०२१ला कोच अर्बन मायर, १२ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन. मायर १३ मॅचनंतर घरी. २०२२ला डग पीडरसन, २५ आणि ८. प्लेऑफमध्ये चार्जर्सविरुद्ध २७-० पिछाडीवरून ३१-३० जिंकला, तेही पहिल्या हाफमध्ये चार इंटरसेप्शन टाकून. ज्याच्या मानेवर कोचची तलवार असते तो चौथ्यानंतर पाचवा पास टाकत नाही, चेंडू पोटाशी धरून बसतो.

खडूस_काका

२०२२ला जॅक्सनव्हिलने पास पकडणारे ख्रिश्चन कर्क, झे जोन्स, एव्हन एन्ग्रम आणि लाइनमधला गार्ड ब्रँडन शर्फ असे चौघे एकाच उन्हाळ्यात घेतले. हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, मी तुम्हाला नाही. शिवाय मायर यांच्या जागी रिकामी खुर्ची ठेवली असती तरी सुधारणा दिसली असती. त्यावरून पीडरसन यांचा परिसस्पर्श सिद्ध होत नाही.

निशाचर_पुणे

मी क्रिकेटवाला. गेली दोनेक वर्षं रविवारी रात्री जागून हे बघायला लागलोय, म्हणून बाळबोध प्रश्न. आपल्याकडे मैदानात उतरल्यावर कोचचं फारसं काही चालत नाही, कॅप्टन ठरवतो. इथे चोवीस तास कोच कोच का चाललेलं असतं?

प्लेक्लॉक

निशाचर, कारण इथे कोच अक्षरशः क्वार्टरबॅकच्या कानात असतो. हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर बसवलेला असतो, एनएफएलमध्ये (ही व्यावसायिक लीग) १९९४पासून. एक प्ले (चाल) संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कोच प्ले सांगतो, क्वार्टरबॅक हडलमध्ये (घोळक्यात) तो बाकी दहा जणांना सांगतो, मग सगळे लाइनवर, म्हणजे चेंडूच्या रेषेवर. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद. तिथून पुढे पोरगा एकटा.

मॅकव्हे यांनी काय केलं, तर गॉफच्या संघाला घाईघाईने लाइनवर उभं करायचे, घड्याळात १५च्या वर वेळ शिल्लक असताना. समोरचा डिफेन्स कसा उभा आहे ते स्वतः बघायचे आणि कानात सांगायचे. नियमात पूर्ण बसतं. गॉफला उत्तर हातात मिळायचं, तो नुसतं अंमलात आणायचा.

आता माझी शंका धागाकर्त्यांना. हा आत्मविश्वास गॉफचा होता की मॅकव्हे यांचा? फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) न्यू इंग्लंडने रॅम्सना पूर्ण मॅचमध्ये ३ गुणांवर रोखलं. कानातलं उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं तर काय करायचं, याचा सरावच त्याला नव्हता असं माझं मत. दोन वर्षांनी मॅकव्हे यांनीच त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं. तिथे तो पुन्हा उभा राहिला आणि २०२४ला डेट्रॉइट १५-२ (विजय-पराभव). म्हणजे ज्या कोचने उभं केलं त्यानेच परावलंबीही केलं. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर लिहा.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. एनएफएलचं तुम्ही बघा, मी घरचं सांगतो. थोरला हायस्कूलला ज्युनिअर व्हार्सिटीत (शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघात) क्वार्टरबॅक आहे. आईचा सुरुवातीपासून विरोध, तो वेगळा धागा होईल.

पहिल्या सीझनचा कोच इंटरसेप्शन पडलं की लगेच बाहेर काढायचा, आणि सगळ्यांदेखत. महिन्याभरात पोराला एक खोड लागली. पास हातातून सुटला की चेंडू कुठे पडतोय ते न बघता आधी साइडलाइनकडे मान. मी स्टँडमधून फक्त ती मान बघायचो. पुढे पुढे तो पाच यार्डांच्या पलीकडे टाकेचना. पलीकडे मित्र मोकळा उभा असायचा, हात वर करून, तरी हा जवळच्याला देऊन मोकळा.

यंदा कोच बदलला. हा काही गोडबोल्या नाही, सरावात पळवून पळवून जीव काढतो. पण चूक झाली की पहिला प्रश्न एकच: "तुला काय दिसलं?" पोरगं सांगतं. मग तो सांगतो की बरोबर दिसलं पण पाय मागे राहिले, किंवा सेफ्टी (सर्वात मागचा बचावपटू) फिरला तो दिसला नाही. बास. ती मान हळूहळू फिरायची थांबली.

त्यामुळे माझं मत धागाकर्त्यांच्या बाजूने.

खडूस_काका

एडिसनकर, मुलाचं कौतुक. पण पोरगा वर्षाने मोठाही झाला ना? त्या वयात एका उन्हाळ्यात चार बोटं उंची वाढते, डोक्यातही तेवढीच भर पडते. जुन्या कोचकडे दुसरं वर्ष काढलं असतं तर काय झालं असतं हे तुम्हाला-मला कळायला मार्ग नाही. अर्थात सगळ्यांदेखत बाहेर काढणं मूर्खपणाच, त्यात वाद नाही.

मृण्मयी_ऑस्टिन

इथे सगळे 'प्रेमळ विरुद्ध खडूस' (काका, तुम्ही नाही) या एकाच मापाने मोजतायत. मला ते माप चुकीचं वाटतं.

मायामीच्या क्वार्टरबॅक तुआ टागोव्हायलोआने ऑगस्ट २०२४मध्ये उघड सांगितलं की कोच ब्रायन फ्लोरेस यांच्या काळात आपण या जागेच्या लायकीचे नाही असंच सतत ऐकावं लागायचं, आणि माइक मॅकडॅनियल आल्यावर ते बदललं. २०२३ला तो लीगमध्ये सर्वाधिक पासिंग यार्डांचा मानकरी, ४,६२४. (हो काका, २०२२ला रिसीव्हर टायरीक हिल आला, मला माहितीये.) पण गंमत बघा, तेच फ्लोरेस २०२४ला मिनेसोटात डिफेन्स सांभाळत होते. म्हणजे डार्नॉल्ड ज्या इमारतीत सावरला त्याच इमारतीत.

उलट उदाहरण कॅरोलायनाचा ब्राइस यंग. २०२३च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक, ११ मॅचनंतर कोच फ्रँक राइख यांची हकालपट्टी, संघ २-१५. २०२४ला डेव्ह कॅनालेस आले आणि त्यांनी दोनच मॅचनंतर यंगला बाकावर बसवलं. इतका अपमान दुसरा नाही. पुढे त्याच्या जागी आलेल्या अँडी डाल्टनला कार अपघातात अंगठ्याला लागलं म्हणून यंग परत आला, आणि शेवटच्या मॅचमध्ये अटलांटात ओव्हरटाइममध्ये ४४-३८ जिंकताना तीन टचडाऊन पास आणि दोन स्वतः पळून. बसवणारे कॅनालेस, परत उतरवणारेही कॅनालेसच. कठोरपणाने पोरगा मोडला नाही.

माझ्या मते पोरं मोडतात ती दर वर्षी भाषा बदलल्याने. अ‍ॅलेक्स स्मिथ २००५चा पहिला क्रमांक, सॅन फ्रान्सिस्कोत. पहिल्या वर्षी १ टचडाऊन, ११ इंटरसेप्शन. त्याच्या पहिल्या चार सीझनमध्ये संघात चार वेगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे प्ले ठरवणारे कोच). एकाच प्लेला दर वर्षी नवं नाव, पायांची नवी मोजणी. तीन पावलं मागे जाऊन टाकायचा पास आता पाच पावलांवर. ज्याला विचार न करता पाय उचलायचेत तो मोजत बसला तर अर्धा सेकंद जातो, आणि अर्ध्या सेकंदात अंगावर माणूस येतो. २०११ला जिम हार्बो आले, संघ १३-३, स्मिथची इंटरसेप्शन फक्त ५.

चौथा_डाऊन

मृण्मयी, पण कोऑर्डिनेटर टिकवणं हेही शेवटी कोच आणि मालकांच्याच हातात. म्हणजे ओकॉनेल यांचं वाक्य उलट पक्कं झालं.

खडूस_काका

सातत्यच हवं ना? मग ह्यूस्टनचा सी. जे. स्ट्राउड घ्या. २०२३ला २३ टचडाऊन, ५ इंटरसेप्शन, नवखा असून लीगभर वाहवा. २०२४ला तेच मुख्य कोच, तोच कोऑर्डिनेटर, तीच भाषा. २० आणि १२. काय बदललं? लाइन कोसळली, ५२ सॅक. ह्यूस्टनला हा रोग जुनाच, २००२ला डेव्हिड कारला ७६ वेळा जमिनीवर पाडलं होतं. त्या पोराला जगातल्या कुठल्या कोचने 'तुला काय दिसलं?' विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आभाळ.

आणि कोच ब्रायन डेबॉल. बफेलोत त्यांच्या हाताखाली जोश अ‍ॅलनचे लागलेले पास २०१८ला ५२.८ टक्के होते, २०२०ला ६९.२ टक्के. सगळे म्हणाले जादूगार. मग न्यूयॉर्क जायंट्समध्ये डॅनियल जोन्स त्यांच्याच हाताखाली, एक बरं वर्ष, आणि नोव्हेंबर २०२४ला संघाबाहेर. जादू एका पोरावर चालते आणि दुसऱ्यावर नाही, तर जादू कुणाची?

प्लेक्लॉक

काका, तुमच्या उदाहरणांत दर वेळी लाइन किंवा रिसीव्हर निघतात, धागाकर्त्यांच्या उदाहरणांत दर वेळी कोच. पण एनएफएलमध्ये या गोष्टी एकत्रच बदलतात. कोच हाकलला की नवा येताना खरेदीची यादी घेऊनच येतो. वेगळं करून मोजायची सोयच नाही.

खडूस_काका

सोय आहे. मिनेसोटाचा जे. जे. मॅकार्थी. २०२४च्या ड्राफ्टचा दहावा क्रमांक, गुडघ्यामुळे पहिलं वर्ष पूर्ण बाहेर. आता डार्नॉल्ड गेला, म्हणजे २०२५च्या सीझनला खुर्ची बहुधा त्याचीच. कोच ओकॉनेल, रिसीव्हर जेफरसन, सगळं तसंच. चौथा_डाऊन, आत्ताच लिहून द्या: पोरगा फसला तर तुम्ही ओकॉनेल फसले म्हणणार, की 'मुळात तो तेवढा नव्हताच' म्हणणार?

चौथा_डाऊन

लिहून देतो. १७ मॅच सलग खेळवल्या आणि फसला, तर ओकॉनेल फसले. चार मॅचनंतर बाकावर बसवला, तरी ओकॉनेलच फसले. पण चांगला खेळला तर तुम्ही जेफरसनचं नाव घ्यायचं नाही.

खडूस_काका

जेफरसनचं नाही घेणार. लाइनचं घेईन.