जास्त जगला तोच फिट? नाही हो
काही जण म्हणतात की जो प्राणी जास्त वर्षं जगला तो जास्त फिट. नुसतं वय मोजून भागत नाही, उत्क्रांतीत फिट म्हणजे आयुष्यभरात ज्याची पिल्लं जास्त तो. स्कॉटलंडजवळ सेंट किल्डा बेटं आहेत, तिथल्या हिर्टा बेटावर सोए जातीच्या रानटी मेंढ्या आहेत आणि १९८५ पासून संशोधक त्यांची एकेकीची नोंद ठेवतायत, म्हणजे कोकरू जन्मलं की पकडायचं, वजन करायचं, कानाला बिल्ला, डीएनएसाठी नमुना आणि मग ते मरेपर्यंत हिशेब चालू. आई कोण ते दिसतंच, बाप मात्र डीएनएशिवाय कळत नाही (नोव्हेंबरात माजावरच्या मेंढीमागे इतके एडके लागतात की नुसतं बघून काय सांगणार!). आता गंमत बघा, २०१३ मध्ये त्यांच्या शिंगांच्या एका जीनवर पेपर आला. या जीनची दोन रूपं, एक मोठ्या शिंगांचं, एक बारक्या, आणि प्रत्येकाला एक प्रत आईकडून, एक बापाकडून. मोठ्या शिंगांच्या रूपाच्या दोन प्रती असलेल्या एडक्यांना कोकरं जास्त होतात पण ते मरतात लवकर, बारक्या शिंगांच्या दोन प्रतीवाले टिकतात पण बाप कमी वेळा होतात, आणि दोन्हींची एकेक प्रत असलेल्यांना दोन्हीकडून फायदा, म्हणून आयुष्याची बेरीज केली की हेच पुढे. फक्त जगणं मोजलं असतं तर बारकी शिंगंच भारी वाटली असती.