मदत हवी आहे: लेयरवाली सीएमवायके पीएसडी लिनक्सवर कशी उघडावी?

मंडळी, आमच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करून देणारे गृहस्थ आता काम बंद करताहेत. मूळ फाईल मात्र त्यांनी आठवणीने दिली: पीएसडी (फोटोशॉपची फाईल), सीएमवायके (छपाईचे चार रंग: सी निळा, एम गुलाबी, वाय पिवळा, के काळा), ३०० डीपीआय, सगळे लेयर (चित्राचे एकावर एक थर) शाबूत. चित्र तेच ठेवून साल, किंमत आणि अतिथी संपादकांचं नाव तेवढं बदलायचंय. प्रेसला चार रंगांतली पीडीएफ हवी. "आरजीबी आणू नका, काळा बिघडतो," एवढंच ते म्हणाले (आरजीबी म्हणजे पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा रंग).

माझ्याकडे लिनक्स मिंट आहे. फोटोशॉपचं भाडं एका मुखपृष्ठासाठी परवडत नाही. जिंप (चित्रांवर काम करायचा मोफत प्रोग्रॅम) २.१० फाईल उघडायलाच तयार नाही. जिंप ३.० मध्ये उघडली, लेयरही दिसताहेत, पण वर आरजीबी लिहून येतं. यातच बदल करून शेवटी सीएमवायके केलं तर चालेल ना? दिसायला तर सगळं जागच्या जागी आहे.

शाईवाला:
दिसायला जागच्या जागीच असणार, गोची प्लेटवर होते (छपाईत दर शाईची वेगळी प्लेट असते). जिंप ३.० सीएमवायके पीएसडी वाचतं, पण आत घेताना आरजीबी करूनच घेतं. तुमचं शीर्षक मूळ फाईलमध्ये नुसतं के १०० (शंभर टक्के काळी शाई) असेल, म्हणजे फक्त काळ्या प्लेटवर. स्वॉप हे छपाईचं एक ठरलेलं प्रोफाइल (रंगांचं रूपांतर कसं करायचं ते सांगणारी फाईल) धरलं तर त्याचं आरजीबी होतं ३५, ३१, ३२. ते परत सीएमवायके केलं की साधारण सी ७०, एम ६७, वाय ६४, के ७४ होऊन बसतं. एका शाईचं अक्षर आता चार प्लेटांवर गेलं. रजिस्ट्रेशन (प्लेटांचं एकमेकींवर नेमकं बसणं) केसभर हललं तरी वेलांटीच्या कडेला गुलाबी-निळी झालर दिसते. शीर्षक मोठं असेल तर खपून जाईल, पण किंमत आणि अंकाचा तपशील बारीक टाइपात असतो, तिथे वाट लागते.

क्रिटा (चित्रं काढायचा मोफत प्रोग्रॅम) घ्या. ते सीएमवायकेमध्येच काम करतं, आरजीबीचा फेरा नाही. उघडल्यावर इमेजच्या प्रॉपर्टीजमध्ये रंगपद्धत आणि प्रोफाइल आधी बघा.

मूळ धागाकर्ता:
क्रिटात सीएमवायकेच दाखवतंय, आभार! पण नावाचा लेयर नुसतं चित्र होऊन आलाय, अक्षरं बदलता येत नाहीत. शिवाय मागची झळाळी मूळ छापील अंकापेक्षा फिकी वाटते.

रेघोट्या:
फिकेपणाचं कारण बहुधा ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या लेयरांचे रंग-उजेड बदलणारा लेयर). फोटोशॉपचे असे लेयर दुसरीकडे जसेच्या तसे येतीलच असं नाही. पीएसडीत बहुतेक वेळा सगळे लेयर एकत्र केलेलं तयार चित्रही साठवलेलं असतं. इमेजमॅजिकमध्ये (आज्ञा टाइप करून चालवायचं चित्रांचं साधन) फाईलच्या नावापुढे चौकटी कंसात शून्य दिलं की तेच बाहेर येतं, एकपासून पुढे सुटे लेयर. ते शेजारी ठेवून ताडून पाहा. कोरं पांढरं आलं तर फाईल साठवताना तो पर्यायच बंद होता, मग मूळ कलाकारांना फोन करण्यावाचून इलाज नाही.

शाईवाला:
अक्षरांचा नाद क्रिटात करूच नका. जुनं मुखपृष्ठ म्हणजे मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या) असेल. तो लेयर जिवंत आला असता तरी फॉन्टवाचून रोमन अक्षरांची खिचडीच दिसली असती. क्रिटात जुन्या मजकुराचे लेयर बंद करा, बाकीचं एकत्र करून सीएमवायके टिफ (चित्राची फाईल) काढा (मूळ पीएसडीवर सेव्ह करू नका, देवाशपथ). ती टिफ स्क्रायबसमध्ये (छपाईची पानं मांडायचा मोफत प्रोग्रॅम) चित्राच्या चौकटीत ठेवा आणि साल, किंमत, नाव तिथे युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करा, रंग फक्त के १००. स्क्रायबस १.६ घ्या, १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं धड बसत नाहीत.

पीडीएफ काढताना आउटपुट 'प्रिंटर'साठी निवडा. 'स्क्रीन' राहिलं तर एवढी मेहनत करून शेवटी आरजीबीच हातात येईल. त्याआधी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये सी, एम, वाय बंद करून फक्त के चालू ठेवा. मग के बंद करून बाकीचे तीन. पहिल्यात मजकूर पूर्ण काळा दिसला आणि दुसऱ्यात त्याची शाई अजिबात दिसली नाही, तर काम फत्ते.

मूळ धागाकर्ता:
दादा, तसंच दिसलं! आता प्रेस पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा ठरलेला प्रकार) मागतंय, पण यादीत एक्सवाले पर्याय करडे आहेत, निवडताच येत नाहीत.

शाईवाला:
डॉक्युमेंट सेटअपमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करा, उघडतील. प्रिंटरचं प्रोफाइल कुठलं लावायचं ते मात्र प्रेसलाच विचारा. त्यांचा कागद आर्ट (गुळगुळीत) आहे की मॅपलिथो (साधा), त्यावर ते ठरतं.