अल्बनीची टीम एकट्या अँटोनिओ ब्राऊनने बुडवली नाही

कोलोनीकर

परवा इथे एकाने लिहिलं की अल्बनी एम्पायर ही आपली इनडोअर अमेरिकन फुटबॉलची टीम छान चालली होती, एनएफएल या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगमधला माजी खेळाडू अँटोनिओ ब्राऊन मालक म्हणून आला आणि त्याने तीन महिन्यांत तिचं वाटोळं केलं. शिवाय वर हेही की अल्बनी पडलं सरकारी नोकरदारांचं गाव, तिथे इनडोअर फुटबॉल रुजणार तरी कसं. ही दोन वाक्यं वाचल्यापासून डोकं ठणकतंय. उत्तर लांबणार आहे, लांबू द्या.

ब्राऊनची वकिली मला करायची नाही. मार्च २०२३ मध्ये तो भागीदार झाला, थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळी मालकी त्याच्याकडे गेली. खेळाडूंचे पैसे रखडल्याच्या बातम्या यायला लागल्या, प्रशिक्षक गेले, आणि जूनच्या मध्यावर टीम जिथे खेळायची त्या नॅशनल अरेना लीगने देणी थकवल्याचं कारण देऊन भर हंगामात टीम बाहेर काढली. हे सगळं जगजाहीर आहे.

पण जरा मागे जा. १९९० मध्ये अल्बनीत निकरबॉकर अरेना हा हॉल उघडला, त्याच वर्षी अरेना फुटबॉल लीगमधली फायरबर्ड्स ही टीम आली. १९९९ ला ऑरलँडोला ५९–४८ हरवून त्यांनी अरेनाबोल, म्हणजे त्या लीगची फायनल, जिंकली. २००० चा हंगाम संपला आणि टीम उचलून इंडियानापोलिसला नेली. मधली काही वर्षं खालच्या दर्जाच्या लीगवर भागवलं. २०१८ ला एम्पायर आली. ऑगस्ट २०१९ मध्ये याच हॉलमध्ये फिलाडेल्फिया सोलला ४५–२७ लोळवलं, आणि नोव्हेंबर संपायच्या आत अख्खी अरेना फुटबॉल लीग दिवाळखोरीत गेली. त्याच नावाची टीम २०२१ ला नॅशनल अरेना लीगमध्ये उभी राहिली. २०२१ जिंकली, २०२२ जिंकली, २०२३ च्या जूनमध्ये संपली.

म्हणजे जिंकायचं आणि गाशा गुंडाळायचा, हे तीनदा झालं. पहिल्या दोन वेळी ब्राऊन कुठे होता? १९९९ ला तो अकरा वर्षांचा होता. मैदानावर त्याचा बाप होता, ‘टचडाउन’ एडी ब्राऊन, ज्याला २००६ मध्ये अरेना फुटबॉल लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं गेलं.

रोग लीगमध्ये आहे. लीगच्या स्वतःच्या खिशात दमडी नसते, म्हणून जो पैसे घेऊन येईल त्याला टीम मिळते. पुढचे पगार कुठून देणार, हे त्याला कोणी विचारत नाही. अल्बनीच्या लोकांनी प्रत्येक वेळी आपलं काम केलं, तिकीट काढलं आणि येऊन बसले.

स्केनेक्टडीचा सातारकर

ते परवाचं मीच लिहिलंय, आणि त्यातल्या पहिल्या वाक्यावर अजून ठाम आहे.

कोलोनीकर, लीग वाईट, लीग भिकार, सगळं मान्य. मग २०२३ ला त्याच लीगमध्ये जॅक्सनव्हिल शार्क्स होते, कॅरोलायना कोब्राज होते, त्यांना कोणी बाहेर काढलं का? तीच लीग, तेच नियम, तीच देणी, आणि हंगाम संपेपर्यंत ते खेळत राहिले. बाहेर कोण गेलं? लागोपाठ दोन वर्षं जिंकलेली टीम. त्या वर्षात नवीन काय घडलं होतं? एकच गोष्ट, मालक बदलला. आता मालकाला सोडून १९९९ पासूनचा पाढा वाचायचा याला काय अर्थ आहे राव?

आणि बापाचं नाव मध्ये आणू नका. उलट ज्या गावाने बापाला डोक्यावर घेतलं त्या गावात पोराने असं वागावं, हेच मला जास्त लागलं. आम्ही दोघे भाऊ एम्पायरच्या पहिल्या हंगामापासून जायचो. फुटबॉल कशाशी खातात हे आम्हाला माहीत नव्हतं. मैदान जेमतेम ५० यार्डांचं, एका बाजूला आठच गडी, कडेला मैदानाची रेघ नाहीच, गादी लावलेली भिंत. पहिल्या रांगेत बसलं की आडदांड गडी धाडकन त्या भिंतीवर येऊन आदळतो आणि त्याच्या घामाचे थेंब तुमच्या नाचोजवर. चेंडू प्रेक्षकांत आला तर घरी न्यायचा, परत मागत नाहीत. असा एक चेंडू भावाच्या पोराकडे अजून आहे. त्या पोराला मी काय सांगू, लीगच्या रचनेत दोष होता म्हणून?

गिल्डरलँडवाला

तुमच्या भावना ठीक. पण तो हॉल अल्बनी काउंटीच्या मालकीचा आहे, म्हणजे तुमच्याआमच्या कराचा. इथे घरपट्टी दरवर्षी चढतेय, आणि आपण कोणाच्या टीमसाठी रडतोय? टीम टिकत नाही याचा सरळ अर्थ गिऱ्हाईक नाही.

कोलोनीकर

गिऱ्हाईक नाही? २०१९ च्या फायनलला आम्हाला थेट वरच्या मजल्यावर जागा मिळाली होती, खाली खुर्चीच शिल्लक नव्हती. काउंटीने हॉल या टीमसाठी बांधलेला नाही. १९९० च्या जानेवारीत तिथे पहिला कार्यक्रम फ्रँक सिनात्राचा झाला. टीम गेली तर तुमची घरपट्टी उतरणार आहे का? रिकाम्या रात्रींचं भाडं कोण भरणार ते सांगा.

लेथमची लेक

एम्पायर कोणी बुडवली यावर तुम्ही दोघं कितीही भांडा. मला त्या वेळी बातम्यांतली एकच गोष्ट टोचली होती. खेळाडूंना पैसे मिळाले नाहीत, आणि खाली प्रतिक्रिया होत्या की खेळायची हौस आहे ना, मग पैशाचं काय एवढं.

असंच मी माझ्या नवऱ्याबाबतीत ऐकलंय. आम्ही इथे आलो ते त्याच्या सरकारी प्रकल्पावरच्या काँट्रॅक्टमुळे. मध्ये त्याला पगार देणारी कन्सल्टन्सी. पहिला पगार झाला, दुसरा झाला, मग क्लायंटकडून बिलाचे पैसे आले नाहीत म्हणून थांबा. थांबलो. घरभाडं क्रेडिट कार्डावर. मुलगी पाच महिन्यांची. आणि फोनवर कन्सल्टन्सीचा मराठी माणूस मला म्हणतो, वहिनी, अमेरिकेत यायला मिळालं हे काय कमी आहे?

त्या खेळाडूंचं मला बरोबर कळतं. दिवसा दुसरीकडे काम करायचं, रात्री सराव, शनिवारी अंग मोडून घ्यायचं. एवढं करून चेकची वाट बघायची.

नियमित वाचक, न्यू जर्सी

ताई, तुमचं दुःख खरं असेल, पण सगळ्या कन्सल्टन्सी एका माळेत ओवू नका. मी अशीच छोटी कंपनी चालवतो. क्लायंट तीन तीन महिने बिल अडकवतो. मी पगार कुठून काढतो ते मला माहीत. दोन वेळा घरावर कर्ज घेतलंय. ते कोणी लिहीत नाही.

लेथमची लेक

दादा, तुम्ही कर्ज काढून पगार दिलेत, तुमचं कौतुक आहे, मनापासून. पण एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवलं तरी पगार द्यावाच लागतो, असा इथला कायदा आहे. क्लायंटने बिल दिलं की नाही, हा मालकाचा प्रश्न. तो कायदा आम्हाला सहा महिने कोणी सांगितला नाही. तुमच्यासारख्यांनीही नाही. कामगार खात्याकडे तक्रार करता येते हे मला मंदिरात भेटलेल्या एका तेलुगू बाईंनी सांगितलं.

नियमित वाचक, न्यू जर्सी

तक्रार करून व्हिसा गेला की मग?

लेथमची लेक

हीच ती धमकी! अगदी हेच शब्द आम्ही ऐकले होते. अशी तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणं हेही बेकायदा आहे, तेही वाचून ठेवा.

स्केनेक्टडीचा सातारकर

ताई, तुम्ही एकदम बरोबर बोललात. माझ्याही पहिल्या कंपनीने माझा शेवटचा पगार बुडवला, आजतागायत दिलेला नाही. पण मग माझाच मुद्दा झाला ना? पगार बुडवणारा कोण, तर मालक. व्यवस्था वगैरे नंतर.

लेथमची लेक

नाही झाला. माझ्या नवऱ्याचा पगार एका माणसाने अडवला, पण तशा माणसाच्या हातात त्याचा व्हिसा दिला कोणी? तुमच्या टीमचंही तेच आहे.

वैदर्भी ट्रॉय

भाऊ, फुटबॉलचा धागा होता, इमिग्रेशनचा होऊन राहिला. पण ताईंचं शेवटचं वाक्य मी चोरतो, कारण तिथेच पाणी मुरतंय.

एक मात्र आधी सांगू द्या. या खेळाला कचरा समजू नका. कर्ट वॉर्नर तीन हंगाम आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून याच छोट्या मैदानावर खेळला. पुढे १९९९ च्या हंगामात सेंट लुईसकडून एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि सुपर बोल, म्हणजे तिथली फायनलही, जिंकला. आणि गंमत बघा, हाच वॉर्नर पुढे भारतातल्या एलिट फुटबॉल लीग या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या गुंतवणूकदारांत होता. ती लीग मोकळ्या मैदानावरची, इनडोअर नाही. पण पहिला हंगाम जिंकला कोणी? पुणे मराठाज! त्या लीगची पुढे काय गत झाली ते आपण पाहिलंच. पैसेवाल्यांची नावं मोठी, टीव्हीचा करार हातात, आणि खेळाडू कुठे गेले कोणी विचारत नाही. मी कॉलेजात असताना आमच्या वसतिगृहातला एक पोरगा त्या निवड चाचणीला गेला होता. कबड्डीतला दणकट गडी. परत आला तो दुखावलेला गुडघा घेऊन.

कोलोनीकर

वैदर्भी, आभार. आता सातारकरांच्या जॅक्सनव्हिलच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे.

जॅक्सनव्हिल टिकलं, खरंय. त्यांच्या मालकाने देणी दिली. पण लीगने अल्बनीत आधी काय तपासलं? हंगाम तोंडावर असताना भागीदारी बदलते, काही आठवड्यांत सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती जातो, आणि लीगकडे एकच हत्यार उरतं, टीमच काढून टाकणं. मालक गेला असता आणि टीम राहिली असती, अशी सोयच नव्हती. मालकाचा गुन्हा, फाशी टीमला.

हे नॅशनल अरेना लीगपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. जिम फॉस्टरने हा खेळ कागदी पाकिटावर रेखाटला, १९८७ ला चार टीम घेऊन अरेना फुटबॉल लीग काढली, गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांसकट पेटंटही घेतलं. एकतीस वर्षांनी, २०१८ ला, त्या लीगमध्ये किती टीम होत्या? चारच! अल्बनी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन. वर लीगवर जुन्या विमा कंपनीचा लाखो डॉलरचा दावा. त्या दाव्याशी अल्बनीचा काडीचा संबंध नाही, तो एम्पायर यायच्या आधीचा. अल्बनीने विजेतेपद मिळवलं आणि लीगने बदल्यात दिवाळखोरी दिली.

मग २०२४. नवीन मालक, जुनं नाव फायरबर्ड्स, पुन्हा उभी केलेली अरेना फुटबॉल लीग. १६ टीमची घोषणा झाली होती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून टीम गळायला लागल्या. लीगचा प्रमुख, कमिशनर, भर हंगामात बदलला. यात ब्राऊनचा हात दाखवा. त्या पडझडीत अल्बनी फायनलला गेलं आणि बिलिंग्जकडून ४६–४१ असं हरलं. पुढच्या वर्षी उरलेल्यांनी अरेना फुटबॉल वन काढली, २०२५ चं विजेतेपद पुन्हा अल्बनीकडे. आता सांगा गावात दोष आहे म्हणून.

स्केनेक्टडीचा सातारकर

गावाबद्दल लिहिलेलं वाक्य मी मागे घेतो. फक्त तेवढंच. २०२४ ला फायरबर्ड्स आले तेव्हा मी रागाने गेलो नव्हतो, आणि तरी हॉलमध्ये माणसं होती हे मला शेजाऱ्याने सांगितलं.

ब्राऊनचं मात्र मागे घेणार नाही. लीगने दार उघडं ठेवलं असेल. आत येऊन ज्याने केलं, त्याने केलं. तुम्ही प्रत्येक वेळी “रचना, रचना” म्हटलंत की त्याला सुटका मिळते. एनएफएलमध्ये कमावलेला माणूस, त्याला थोड्या पगारावर खेळणाऱ्या पोरांचे पैसे देणं जड होतं का?

कोलोनीकर

नव्हतं जड. म्हणूनच म्हणतो, जो देऊ शकतो तो देईलच असं धरून लीग चालवू नका. हंगामाआधी प्रत्येक मालकाकडून सगळ्या सामन्यांचे पगार आणि विम्याचा हप्ता उचलून तिसऱ्याच्या ताब्यात ठेवा. नाही ठेवले तर टीम उतरणार नाही, तिकीट विकलं जाणार नाही.

गिल्डरलँडवाला

असा नियम केला तर निम्मे मालक दारातूनच परत जातील. मग खेळणार कोण?

वैदर्भी ट्रॉय

जाऊ द्या ना भाऊ. सहा खऱ्या टीम बऱ्या, की सोळा कागदावरच्या?

नियमित वाचक, न्यू जर्सी

बोलायला सोपं आहे. छोट्या धंद्यात एवढी रोकड आधी अडकवली तर धंदाच सुरू होत नाही. फुटबॉल असो की सॉफ्टवेअर.

लेथमची लेक

मग सुरू करू नका, दादा. दोन महिन्यांचे पगार बाजूला ठेवायची ऐपत नसेल, तर माणसं कामाला बोलवायचीच कशाला?